पुराणाला बसणाऱ्या दगडोबास

दगडोबा,

काल संध्याकाळी मी तुझ्याविषयी खोटं बोललो. ओसरीवर पोथी सोडली, कंदील पुढं ओढला, घसा साफ केला, आणि मी तोंड उघडायच्या आधीच भागाबाईनं विचारलं, "आवं बुवा, तुमचं बेडूक कुठं हाय? लय दिस झाले, दिसंना."

मी म्हणालो, "गेलं ते."

"अगं बया! कसं गेलं?"

"सुखानं गेलं. रामनाम ऐकत गेलं."

बायकांनी हात जोडले. एकीनं डोळ्याला पदर लावला. मी त्या पदराकडं बघितलं, गंभीर चेहऱ्यानं मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली. आवाजही बरा लागला होता काल. दाराच्या आत, उंबऱ्याशी, गोदा उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि आत निघून गेली.

तू रामनाम ऐकत गेला नाहीस, हे तुला वेगळं सांगायला नको. तू गेलास तेव्हा मी गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पलीकडच्या गावात एका सत्यनारायणाला बसलो होतो आणि प्रसादाचा शिरा खात होतो. तुला सोडवलं ते माझ्या बायकोनं, गोदानं. ज्याच्या हातावर बसून तू वाळवी खायचास, तो माणूस त्या दिवशी सकाळीच पंचा खांद्यावर टाकून पळाला होता. मला लाज वाटते, दगडोबा. इतकी वाटते की सकाळपासून पूजेत लक्ष लागेना, म्हणून शेवटी दौत पुढं ओढली.

आपली ओळख न्हाणीत झाली. लढाई सुरू होऊन सोनपेठेत घासलेट मिळेनासं झालं तेव्हाची गोष्ट. न्हाणीच्या दगडाखाली तू राहत होतास ते आम्हाला माहीतच नव्हतं. तोवर घरात दोन-तीन दिवे जळायचे, किडे वाटले जायचे, तुझं कुठंतरी आतल्या आत भागत असणार. मग मी फर्मान काढलं की घरात दिवा लावायचा तो एकच, पुराणापुरता, ओसरीवर. सोनपेठेतले झाडून सगळे किडे माझ्या कंदिलावर आले आणि त्यांच्या मागोमाग तू आलास. उजेडाच्या कडेला येऊन असा बसलास की मी आधी पायरीचा टवका निघाला असं समजलो. दगडोबा हे नाव तेव्हाच पडलं.

आता खरं सांगायचं तर तू जेवायला येत होतास. पण घास गिळताना तू डोळे मिटायचास, आणि मी वाचताना ओळीच्या शेवटी थांबायचो, आणि कसं कोण जाणे, ते दोन्ही पुष्कळदा एकाच वेळी व्हायचं. बायकांनी ते पाहिलं. "बघा वं, कसं रंगून गेलंय!" भागाबाई म्हणाली. दोन दिवसांत बाजारभर झालं की बुवांच्या पुराणाला बेडूक बसतो आणि नाम आलं की डोळे मिटतो. माझ्या पुराणाला त्याआधी तीन म्हाताऱ्या असायच्या आणि त्यातली एक झोपायची. तुझ्या पायी ओसरी पुरेना. पालमहून लोक गाडी जुंपून आले. एकानं तर तुझ्यापुढं सुपारी ठेवली. कुणी म्हणालं, हा मागच्या जन्मीचा शास्त्री आहे. मी कधी 'हो' म्हणालो नाही. 'नाही' मात्र मुळीच म्हणालो नाही. नुसता हसायचो, आणि त्या हसण्याचा अर्थ लोकांनी हवा तो घ्यावा याची व्यवस्था करायचो.

गोदा म्हणायची, "किडे खायला यायलंय ते. अन् तुमी त्याच्या जिवावर मोठे व्हायलात."

"तुला भक्ती कळत नाही," मी म्हणायचो.

"मला भूक कळते," ती म्हणायची.

तिला तुझी किळस होती असं मी सगळ्यांना सांगायचो. 'तुमचं ते ध्यान' असंच ती तुला म्हणायची. पण उन्हाळ्यात न्हाणीच्या कोपऱ्यात रोज ओलं पोतं कोण टाकत होतं, हे मला तू आजारी पडेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ते पाय पुसायला आहे.

तुझा-माझा वाद अर्धाच राहिला. जीवदयेचा अध्याय चालला होता आणि तू माझ्या पोथीवर उतरलेला पतंग जीभ काढून मटकावलास. बाया हसल्या. लोक गेल्यावर मी तुला हातावर घेतलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, अरे, दया ऐकतोस आणि हिंसा करतोस? तू गळा हलवत बसलास. त्यानंतर रोजच आपलं चालायचं. मी म्हणायचो की पोटासाठी मारणं हे तुझ्या योनीचं कर्म, तुला दोष नाही. दोष माणसाला, कारण माणसाला कळतं. फार बरं वाटायचं हे बोलताना. तुझा हातातला गार, जड भार, आणि माझ्या तोंडात ज्ञान. तू कधी उत्तर दिलं नाहीस, आणि उत्तर न देणाऱ्याशी वाद घालण्याची मला धंद्यानं सवयच आहे.

मग तुला घूस चावली. मागचा पाय सोलून निघाला होता. तू उजेडात आलास तो ओढत आलास. मी तुला उचललं आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर जे लावतात तेच करायला निघालो. हळद घेतली, पानाच्या डब्यातला चुना घेतला, आणि तळहातावर कालवलं.

गोदा म्हणाली, "थांबा की जरा. त्याचं कातडं बघा, सदा ओलं. झोंबंल त्याला. कुणाला तरी विचारा आधी."

"हळद कधी कुणाला बाधलीय का?" मी म्हणालो आणि लेप दिला.

तू ओरडलास. इतक्या दिवसांत मी तुझा पावसातला आवाज ऐकला होता. हा तसला नव्हता. हातातून उडी मारलीस ती भिंतीवर आपटलास. गोदानं तांब्याभर पाणी तुझ्यावर ओतलं, पुन्हा ओतलं, तोवर पाय लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सुटली. मग तू सुजायला लागलास. पोट तट्ट झालं, पाय अंगाखाली घेता येईनात, वाळवी तोंडापुढं धरली तरी जीभ निघेना. घूस चावली ती तुझ्या नशिबानं म्हणेन, पण चुना माझ्या हातानं लागला. तिनं थांबवलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

तुला आत घेतलं. परातीत ओल्या फडक्यावर ठेवलं. लोकांना मी सांगितलं की दगडोबा एकांतात आहे. काय शब्द सुचतात बघ मला.

माझं काम तुला माहीत आहे. कुणाचा जीव अडकला, जाईना आणि राहीना, की मला बोलावणं येतं. मी उशाशी बसतो, अध्याय वाचतो, तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घालतो. घरच्यांना धीर वाटतो. तुझ्यासाठीही मी तेच काढलं. परातीशी बसलो, अध्याय वाचला, तुझ्या ओठांवर पाण्याचा थेंब सोडला. तू आ वासून श्वास घेत होतास आणि तुळशीचं पान तुझ्या जिभेला चिकटून बसलं. ते गोदानं बोटानं काढलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशीही.

आमच्या शेजारी दवाखान्यातला कंपाउंडर राहतो. गोदानं त्याला बोलावून आणलं. तो परातीशी उकिडवा बसला, तुला बघितलं आणि म्हणाला, "बुवा, इसको अब सुलाना ठीक. कापसावर दवा टाकायची, वरून झाकायचं. सो गया तो उठेगा नई, पर तकलीफ बी नई होती." संध्याकाळी त्यानं कागदात गुंडाळून बारकी बाटली आणून दिली आणि गोदानं ती देवळीत ठेवली.

मी म्हणालो, "आपल्या घरात हत्या होणार नाही."

"मग काय व्हायचं?"

"भोग आहे त्याचा. भोगून संपू दे."

गोदा म्हणाली, "मळ्यातल्या सुनंच्या वेळेलाबी तुमी हेच म्हणलात."

मी ती बाई विसरलो होतो, दगडोबा. पोटाच्या दुखण्यानं गडाबडा लोळत होती. घरच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, दवाखान्यातून अफूची गोळी आणून द्यावी का, जरा गुंगीत राहील. मी म्हणालो होतो, भोग आहे, नाम घ्या, शुद्धीत नाम घेतलेलं बरं. ती शुद्धीतच गेली. ओरडत गेली. त्यांनी दिलेल्या शिध्याची खीर मी खाल्ली आणि गोदाला म्हणालो होतो, दूध जरा कमी पडलंय.

"भोग म्हणायला दुसऱ्याचाच जीव लागतो तुमाला," गोदा म्हणाली. "तुमच्या दाढेला जरा ठणका लागला तरी घर डोक्यावर घेता. उद्या सकाळी करा. तुमच्या हातावर बसायचं ते, तुमी करायला पाहिजे. मी बसते जवळ."

मी 'बरं' म्हणालो. हे नीट ऐक. मी 'बरं' म्हणालो.

मला दया आली नव्हती असं नाही. तुझं ते तोंड उघडणं-मिटणं बघून मी फडकं पुन्हा पुन्हा ओलं करायचो. पण खरी भीती वेगळीच होती. ज्या बेडकाला लोक शास्त्री म्हणतात त्याला बुवांनी मारला, हे बाजारात कळलं तर ओसरी रिकामी होईल, ही ती भीती. पाप-पुण्याचं मी नुसतं वर पांघरलं होतं. गंगेपलीकडून सत्यनारायणाचं बोलावणं आलं होतं आणि मी आधी नाही म्हणून कळवलं होतं. त्या सकाळी गोदा आडावर गेली होती तेवढ्यात मी पंचा घेतला, पोथी घेतली आणि निघालो. जाताना परातीकडं बघितलं नाही.

उन्हं उतरता परत आलो. गोदा चुलीपुढं होती. परात घासून उपडी घातली होती.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं."

आणि मग, दगडोबा, मी काय विचारलं ते ऐक. ती ताट वाढायला उठली आणि मी म्हणालो, "आंघोळ केलीस ना?"

ती थांबली. हातात भाकरी होती. म्हणाली, "केली. तुमी केली का?"

मी जेवलो. तुला कुठं ठेवलं हे विचारायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, भागाबाईनं विचारलं, आणि जे मी केलं नव्हतं तेसुद्धा मी रामनामाच्या खात्यावर मांडून टाकलं. तिनं जे केलं तेही पुसून टाकलं. आज दिवेलागणीला पुन्हा लोक येतील. सांगावं की न सांगावं, यावर सकाळपासून माझ्याशीच माझं पुराण चाललंय. सांगितलं तर ओसरी जाईल. नाही सांगितलं तर गोदाच्या हातची भाकरी मला गिळवणार नाही.

*

हे दिवसा लिहिलं होतं. आता लोक उठून गेले आहेत आणि कंदिलात थोडं घासलेट उरलं आहे, तेवढ्यात पुरं करतो.

मी सांगितलं. पोथी न सोडताच सांगितलं. किडे कंदिलावर मनसोक्त आपटत होते, त्यांना खाणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, मंडळी, काल मी खोटं बोललो. आमचा दगडोबा नाम ऐकत गेला नाही. नामासाठी तो कधी आलाच नव्हता, किडे खायला यायचा. मी त्याच्या जखमेला चुना लावला, त्यानं पाय सडला. त्याला सोडवायची वेळ आली तेव्हा मी गाव सोडून गेलो. दवा देऊन त्याला ह्यांनी सोडवलं, असं म्हणून मी दारातल्या गोदाकडं हात केला.

माझे कान तापले होते. मला वाटलं, आता लोक उठतील. कुणी थुंकेल. कुणी म्हणेल, बुवा, तुमच्या तोंडून हे शोभतं का? मी मान खाली घालून वाट बघत बसलो.

भागाबाई पान लावत होती. ती म्हणाली, "मंग त्यात काय झालं, बुवा?"

मी वर बघितलं.

"बायकाच करतेत की असलं सगळं," ती म्हणाली. "आमची म्हैस आडली तवा हेनी रानात जाऊन बसले हुते. सासरा हगवणीनं गेला तवा त्याचा लेक देवळात, अन् मी हाय बघा खाली पोती बदलायला. गडी मानसाला न्हाई सोसत. तुमी वाचा वं, उशीर व्हायलाय." आणि बाकीच्या बायांनी माना हलवल्या, जणू मी पाऊस पडतो एवढंच सांगितलं होतं.

कुणी उठलं नाही. कुणाला धक्का बसला नाही. मला वाटलं होतं माझं पाप फार मोठं आहे. ते घरोघरचं निघालं. शिक्षा व्हावी म्हणून बसलो होतो आणि त्यांनी मला माफसुद्धा केलं नाही, कारण रागावायला मुळात त्यांनी माझ्याकडून काही अपेक्षाच धरली नव्हती. ह्या बायांना मी वर्षानुवर्षं दया शिकवत होतो. मग मी पोथी सोडली आणि वाचलं.

लोक गेल्यावर मी न्हाणीत गेलो. गोदा तिथं तांब्या घेऊन उभी होती. तुझ्या दगडाशेजारची माती नवी होती आणि ती त्यावर पाणी सोडत होती.

"इथं ठेवलंय?" मी विचारलं.

"ओल असते इथं," ती म्हणाली. "त्याला कोरडं चालत नव्हतं."

मी तिच्या हातातला तांब्या घ्यायला गेलो, तिनं दिला. थोडं पाणी मी सोडलं. मग मी विचारलं, "त्याला त्रास झाला का गं?"

"नाही. लवकर निजलं. आधी जरा धडपडलं, कापसाचा वास आला तवा. मी हात ठेवला झाकणावर. मला काय अध्याय येत नाही, काय म्हणावं सुचंना." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "झाकायच्या आधी ते दाराकडं बघायलंय असं वाटलं मला. नसंलही. पण तसं वाटलं. मग मी म्हणलं, यायलेत ते. आत्ता येतील. तू नीज तोवर."

दगडोबा, मी आलो नाही.